कोरोनाची चाचणी: कोणती करायची, कितव्या दिवशी करायची आणि रिपोर्ट वाचायचा कसा

एप्रिल २०२१. सांगलीला राहणाऱ्या माझ्या आत्याचं अंग दुखू लागलं, संध्याकाळी कणकण आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती जवळच्या शिबिरात जाऊन अँटिजेन चाचणी करून आली. निगेटिव्ह. घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला आणि आत्या पुन्हा ओट्यापाशी उभी राहिली. रात्री नेहमीसारखी सासूबाईंच्या खोलीत झोपली, त्यांचे पायही चेपून दिले. चौथ्या दिवशी फोडणीचा वास येईनासा झाला तेव्हा आरटी-पीसीआर केली, ती पॉझिटिव्ह आली. आठवड्याच्या आत ८१ वर्षांच्या त्या सासूबाईंना ऑक्सिजन लावावा लागला. त्या वाचल्या, पण आत्या आजही म्हणते, "अगं, मी चाचणी केली होती ना!"

केली होती, आणि बरोबरही केली होती. पण त्या कागदानं एवढंच सांगितलं होतं की, आज सकाळी, नाकाच्या या भागात, या किटला दिसेल इतका विषाणू सापडला नाही. आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ 'तुला कोरोना नाही' असा लावला. मी तेव्हा एका प्रयोगशाळेत असेच नमुने तपासत होते आणि मलाही तिला फोनवर "थांब, दोन दिवसांनी पुन्हा कर" असं सांगायचं सुचलं नाही. हा लेख त्या न सांगितलेल्या गोष्टींचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू गेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये भारतात जेएन.१ हा उपप्रकार सापडला, २०२५ च्या मे-जूनमध्ये मुंबई-पुण्यात पुन्हा रुग्ण वाढले. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, डायलिसिसवरचा किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण असेल, तर हे आजही कळायला हवं.

आधी प्रश्न ठरवा

"कोरोनाची टेस्ट करायची आहे" असं म्हणत लोक लॅबमध्ये येतात. पण कोरोनाची एकच एक चाचणी नाही. तुम्हाला काय जाणून घ्यायचंय यावर चाचणी ठरते.

माझ्या शरीरात आत्ता हा विषाणू आहे का, याचं सर्वांत भरवशाचं उत्तर आरटी-पीसीआर देते. मी आत्ता दुसऱ्याला लागण देण्याइतका विषाणू बाहेर टाकतोय का, याचा बऱ्यापैकी अंदाज अँटिजेन चाचणी पंधरा मिनिटांत देते. मला पूर्वी कधी होऊन गेला का, हा प्रश्न रक्तातल्या अँटिबॉडीच्या, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर तयार करतं त्या प्रथिनांच्या, चाचणीचा. ताप आलेल्या माणसानं अँटिबॉडीची चाचणी करण्यात काही अर्थ नाही, कारण अँटिबॉडी मोजण्याइतक्या तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर आजार एक तर बरा झालेला असतो, नाही तर वाढलेला.

मग दिवस मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. विषाणू शरीरात शिरला की लगेच सापडत नाही. तो पेशींमध्ये वाढतो, नाका-घशात पुरेसा जमतो आणि मगच स्वॅबवर, म्हणजे नमुना घ्यायच्या कापूस लावलेल्या काडीवर, येतो. म्हणून काल संध्याकाळी एखाद्या पॉझिटिव्ह माणसाशेजारी बसलात आणि आज सकाळी चाचणी केलीत, तर ती निगेटिव्हच येणार. त्या रिपोर्टवर काहीही ठरवू नका.

साथीच्या पहिल्या वर्षी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी आरटी-पीसीआरबद्दल हाच हिशोब मांडला होता. संसर्गानंतर पहिल्या दिवशी चाचणी जवळजवळ प्रत्येक रुग्णाला चुकवत होती. चौथ्या दिवशी शंभरातले ६७ चुकत होते. पाचव्या दिवशी, म्हणजे साधारण लक्षणं सुरू होतात तेव्हा, ३८. आठव्या दिवशी २०, आणि पुढे चुकण्याचं प्रमाण पुन्हा वाढत गेलं. म्हणजे उत्तम दिवशी केलेली उत्तम चाचणीसुद्धा पाचातल्या एकाला सोडून देत होती. हे आकडे मूळ विषाणूचे आहेत. ओमिक्रॉनपासून लक्षणं दिसायला पाचऐवजी साधारण तीनच दिवस लागतात, तरी चुकण्याचं प्रमाण आधी उतरतं आणि मग चढतं, हे तसंच राहतं.

आणखी एक बदल झाला आहे. आता बहुतेकांना लस मिळालेली आहे, अनेकांना एकदा-दोनदा होऊनही गेला आहे. अशा शरीरात प्रतिकारशक्ती विषाणूला लवकर ओळखते, त्यामुळे घसा खवखवणं, कणकण लवकर सुरू होते, पण नाकातला विषाणू लक्षणांच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळसाला पोचतो. म्हणून घसा धरल्याच्या पहिल्या दिवशी घरचं किट निगेटिव्ह येणं आता फार नेहमीचं झालं आहे.

व्यवहारात असं करा. लक्षणं असतील तर आजच चाचणी करा, आणि निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करा. लक्षणं नाहीत पण पॉझिटिव्ह माणसाच्या जवळ होतात, तर संपर्काच्या दिवसाला शून्य धरा आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास करा. फक्त अँटिजेन किट वापरत असाल आणि लक्षणं नसतील, तर दोन-दोन दिवसांच्या अंतरानं तीन वेळा. आत्याच्या घरी आता कुणाला कणकण आली की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात 'ताप १' असं लिहितात. पुढे डॉक्टर विचारतात तो पहिला प्रश्न हाच असतो आणि ऐन तापात तारीख कुणालाच नीट आठवत नाही.

आरटी-पीसीआरमध्ये नेमकं होतं काय

या विषाणूचा आराखडा आरएनएच्या धाग्यात असतो. आधी त्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतात आणि मग यंत्रात ठरावीक तापमानांची चक्रं फिरवून त्या डीएनएच्या प्रती काढतात. प्रत्येक चक्रात दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आठवा. एका धाग्याचे ३० चक्रांनंतर शंभर कोटींहून जास्त होतात. म्हणून अगदी थोडा विषाणूही सापडतो. ही प्रती काढण्याची युक्ती कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचली, १९९३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

भारतात सुरुवातीचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले जात. मार्च २०२० मध्ये पुण्याच्याच मायलॅबच्या किटला मान्यता मिळाली. त्या किटवर काम करणाऱ्या गटाच्या प्रमुख मीनल डाखवे-भोसले ते किट तयार करताना गरोदर होत्या, हे अनेकांना आठवत असेल. नागपूरच्या नीरी संस्थेनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर चाचणी करायची पद्धत काढली, तिला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली. नाकात काडी नको, फक्त पंधरा सेकंद गुळणी आणि नंतर थुंकायचं. लहान मुलांची रडारड रोज पाहणाऱ्या आम्हाला त्या बातमीनं फार बरं वाटलं होतं. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट यंत्र मुळात क्षयरोगासाठीचं. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे मोठी प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही चाचणी होऊ शकली. तुमच्या रिपोर्टवर 'ट्रूनॅट' किंवा 'सीबीनॅट' असं लिहिलं असेल तर गोंधळू नका. त्याही विषाणूचा जनुकीय धागाच शोधणाऱ्या चाचण्या आहेत, अँटिजेन नव्हेत.

दराचं सांगायचं तर मार्च २०२० मध्ये खासगी लॅबसाठी ४५०० रुपयांची मर्यादा होती. महाराष्ट्र सरकारनं ती टप्प्याटप्प्यानं उतरवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३५० रुपयांवर आणली. घरी येऊन नमुना घेतला तर वेगळा दर. आज जाण्याआधी फोन करून दर आणि रिपोर्टची वेळ दोन्ही विचारा. तीन दिवसांनी येणारा रिपोर्ट तापलेल्या माणसाच्या फारसा कामाचा नसतो.

घरी अँटिजेन चाचणी करताना

अँटिजेन किट विषाणूचं प्रथिन शोधतं, प्रती काढत नाही. म्हणून त्याला भरपूर विषाणू लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०२० मध्ये ज्या पहिल्या किटला परवानगी दिली त्याची रुग्ण पकडण्याची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के भरली होती, तर निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची ९९.३ ते १०० टक्के. या दोन आकड्यांत या चाचणीचा सगळा स्वभाव आला. ती पॉझिटिव्ह म्हणाली तर ऐका. निगेटिव्ह म्हणाली तर पुन्हा विचारा.

किटचा कागद आधी पूर्ण वाचा, कारण थेंब किती आणि वेळ किती हे कंपनीगणिक बदलतं. मुदतीची तारीख बघा. किट फ्रिजमध्ये असेल तर अर्धा तास बाहेर काढून ठेवा. हात धुवा, टेबल पुसून कोरडं करा. पट्टीचं पाकीट अगदी शेवटी फोडा, दमट हवेत ती लवकर खराब होते. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे जास्तच पाळा.

नाक हलकेच शिंकरून घ्या. शेंबडाचा गोळा स्वॅबवर आला तर उपयोग नाही, नाकाच्या आतल्या भिंतीवरच्या पेशी हव्यात. आता स्वॅब आत घालताना तो वर, डोळ्यांच्या दिशेनं ढकलू नका, सगळे तिथेच चुकतात. नाकपुडीची वाट सरळ मागे जाते, टाळूला समांतर. मान किंचित मागे करा, स्वॅब दोन ते चार सेंटिमीटर आत न्या, अडकल्यासारखं वाटलं की थांबा. भिंतीला टेकवून पाच वेळा गोल फिरवा. मग त्याच स्वॅबनं दुसरी नाकपुडी. डोळ्यांत पाणी येईल, शिंकही येईल, त्यात काळजीचं काही नाही. नुसतं दाराशी फिरवून काढलेला स्वॅब मात्र वाया जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा घोळणा फुटायची सवय असेल, तर घरी न करता लॅबमध्ये सांगून करा.

स्वॅब लगेच नळीतल्या द्रवात बुडवून घुसळा, नळी बाहेरून चिमटीत दाबून कापूस पिळून घ्या. कागदावर लिहिलेत तेवढेच थेंब पट्टीच्या खाचेत टाका. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि पट्टी हलवू नका.

पंधरा मिनिटांनी भरपूर उजेडात बघा. पट्टीवर 'सी' आणि 'टी' ही अक्षरं असतात. फक्त 'सी'ची रेघ आली तर निगेटिव्ह. 'सी' आणि 'टी' दोन्ही आल्या तर पॉझिटिव्ह, आणि 'टी'ची रेघ कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्हच. "अगदी पुसट आहे, धरायची का?" हा प्रश्न मला शेकडो वेळा आला असेल. वेळेत आली असेल तर धरायची. 'सी'च आली नाही तर चाचणी बाद, नवं किट घ्या. वीस मिनिटांनंतर दिसलेली रेघ मात्र वाचू नका, पट्टी वाळताना कधीकधी खोटी रेघ उमटते.

लोकांना सहसा कुणी न सांगितलेली एक गोष्ट अशी की, 'सी'ची रेघ स्वॅब नीट घेतल्याचा पुरावा नव्हे. द्रव पट्टीवरून नीट वाहिला, एवढंच ती सांगते. स्वॅब नाकाला न लावता नुसता नळीत बुडवला तरी 'सी'ची रेघ येते. आरटी-पीसीआरच्या बऱ्याच किटमध्ये माणसाच्या पेशीतलं एखादं जनुकही शोधतात, त्यामुळे नमुन्यात पेशीच नसतील तर लॅबला कळतं आणि नमुना पुन्हा मागवला जातो. घरच्या किटमध्ये ही राखण तुम्हालाच करावी लागते.

वापरलेला स्वॅब, नळी, पट्टी एका पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, घरातल्या इतर कचऱ्यापासून वेगळी द्या. ती पिशवी पुढे कुणीतरी हातानं उचलणार असतं.

एकाच चाचणीचा दोन घरांत वेगळा अर्थ

समजायला सोपे आकडे घेऊ. साथ जोरात आहे, आणि पॉझिटिव्ह माणसाच्या घरातल्या, ताप-खोकला असलेल्या १०० जणांची अँटिजेन चाचणी केली. यातल्या ६० जणांना खरंच कोरोना आहे असं धरा. किट शंभरातले ७० पकडतं, म्हणजे ४२ सापडले, १८ सुटले. उरलेले ४० निरोगी, त्यांना निगेटिव्हच आलं. एकूण निगेटिव्ह ५८, आणि त्यातले १८ आजारी. म्हणजे निगेटिव्ह कागद हातात असलेल्या जवळपास तीनातल्या एकाला आजार आहे. माझी आत्या त्या अठरांमध्ये होती.

आता उलट बाजू. साथ नाही, कुणाला लक्षणं नाहीत, आणि एखाद्या कंपनीनं १००० कामगारांची सरसकट चाचणी केली. आजारी फक्त ५, त्यातले ३ सापडले. उरलेल्या ९९५ निरोगी लोकांत दर हजारी ५ चुकीनं पॉझिटिव्ह आले असं धरलं, तर एकूण ८ पॉझिटिव्ह, त्यातले ५ खोटे. अशा वेळी पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर करून खात्री करणं योग्य. तुमच्या अंगात लक्षणं काय आहेत, घरात कोण आजारी आहे, गावात साथ आहे का, हे सगळं रिपोर्टच्या शेजारी ठेवूनच तो वाचायचा असतो. चांगले डॉक्टर "आणखी कुणाला आहे का घरात?" असं विचारतात ते यासाठीच.

लॅबचा रिपोर्ट आणि सीटी व्हॅल्यू

रिपोर्टवर पहिल्यांदा नाव-वय नव्हे, तर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ बघा. रिपोर्ट आज आला तरी तो नमुन्याच्या दिवसाचा असतो. मग कुठला नमुना आहे ते पाहा: नाक, घसा की दोन्ही. त्यानंतर ई, एन, ओआरएफ, आरडीआरपी अशी जनुकांची नावं दिसतात आणि त्यांच्यापुढे कधीकधी आकडे. तेच सीटी.

विषाणू यंत्राला दिसायला किती चक्रं लागली, तो हा आकडा. विषाणू जास्त असेल तर लवकर दिसतो, म्हणून आकडा कमी. २४ आणि ३४ मध्ये दहा चक्रांचा फरक, म्हणजे विषाणूच्या प्रमाणात सुमारे हजारपट. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत या आकड्यानं घरोघरी झोप उडवली होती. "सीटी १७ आलाय, आता काय होणार?" असे फोन रात्री अकरालाही यायचे. त्याच सुमारास महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानं पॉझिटिव्ह ठरवायची मर्यादा ३५ वरून २४ वर आणता येईल का, असं आयसीएमआरला विचारलं होतं. उत्तर आलं, नको. त्यानं बरेच रुग्ण सुटतील.

सीटी कमी म्हणजे आजार गंभीर, असं नाही. १७ असलेली माणसं चार दिवसांत बरी झालेली मी पाहिली आहेत, आणि ३० असलेल्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. स्वॅब खोल गेला की वरवर, नमुना किती वेळ उन्हात राहिला, किट कुठलं, दिवस कितवा, या प्रत्येकानं आकडा हलतो. दोन लॅबच्या सीटीची तुलना करू नका. ३३-३४ सारखा मोठा आकडा दोन गोष्टी सांगू शकतो: आजार आत्ता सुरू होतोय किंवा संपत आलाय. कुठली खरी, ते कॅलेंडरवरचा 'ताप १' सांगेल.

'अनिर्णित' असं आलं तर ते निगेटिव्ह नाही. एकच जनुक दिसलं किंवा नमुना पुरला नाही, असा त्याचा अर्थ असतो. एक-दोन दिवसांत नवा नमुना द्या, तोपर्यंत वेगळे राहा.

रिपोर्टची वाट पाहायची नाही अशी वेळ

बसल्या जागी ऑक्सिमीटर ९४ च्या खाली जात असेल, बोलताना धाप लागत असेल, छातीत दाब वाटत असेल, माणूस गुंगीत जात असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर चाचणीचं नंतर पाहू, आधी दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन धाप लागलेल्या माणसाला घरी ठेवणं ही मी पाहिलेली सर्वांत वाईट चूक.

साठीच्या पुढचे, मधुमेह, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचा आजार असलेले, गरोदर बायका, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, यांनी ४८ तासांची वाट न पाहता पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून आरटी-पीसीआर करावी. विषाणूविरोधी गोळ्या द्यायच्या असल्या तर त्या लक्षणांच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू कराव्या लागतात. चाचणीत चार दिवस घालवले की ते दार बंद होतं.

आणि सगळा ताप कोरोनाचा नसतो. जुलै ते ऑक्टोबर डेंगी, मलेरिया, आणि गुडघाभर पाण्यातून चालून आला असाल तर लेप्टो, यांचीही रक्तचाचणी डॉक्टरांना विचारून करा. कोरोना निगेटिव्ह आला म्हणून घरी बसलेले डेंगीचे रुग्ण प्लेटलेट उतरल्यावरच यायचे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची क्षयरोगाची चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती टाळू नका.

अँटिबॉडी आणि सीटी स्कॅन

अँटिबॉडीची चाचणी लोकसंख्येसाठी फार उपयोगी ठरली. जुलै २०२० च्या मुंबईतल्या पाहणीत झोपडपट्ट्यांतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, इतर वस्त्यांत १६ टक्के. साथ किती पसरून गेली होती ते त्यातून कळलं. पण एकट्या माणसाला त्यातून फारसं मिळत नाही. कोविशील्ड लस घेतलेल्याच्या रक्तात विषाणूवरच्या काट्यासारख्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असणारच, त्यावरून संसर्ग झाला होता असं म्हणता येत नाही. आणि आकडा मोठा आला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही नाही.

छातीचा सीटी स्कॅन ही कोरोनाची चाचणी नव्हे. नावात सीटी आहे म्हणून वरच्या सीटी व्हॅल्यूशी त्याची गल्लत करणारे मला आजही भेटतात. २५ पैकी मिळालेला तो स्कोअर फुप्फुसाला किती इजा झाली ते सांगतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, सौम्य तापात, स्वतःहून करू नका.

बरं झाल्यावर

बरं झाल्याची खात्री म्हणून पुन्हा आरटी-पीसीआर करू नका. विषाणूचे मेलेले तुकडे काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत सापडतात, आणि उगाच घर पुन्हा घाबरतं. आजीला भेटायचं असेल, बाळंतिणीच्या खोलीत जायचं असेल, तर ताप औषधाविना चोवीस तास उतरलेला असू द्या आणि दोन अँटिजेन चाचण्या ४८ तासांच्या अंतरानं निगेटिव्ह येऊ द्या. इथे अँटिजेन उजवी, कारण तिला मेलेले तुकडे सहसा दिसत नाहीत. त्यानंतरही काही दिवस मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून भेटा.

घरात चार किट ठेवा, दोन नव्हे, कारण पहिल्या निगेटिव्हनंतर दुसरं लागतंच. खोक्यावर लिहिलेल्या तापमानातच ठेवा, बहुतेकांची वरची मर्यादा ३० अंश असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत राहिलेलं किट वापरू नका. पट्टीचा निकाल दिसला की शेजारी घड्याळ ठेवून फोटो काढा, तारीख-वेळ त्यातच येते. फोनवर डॉक्टरांना तोच दाखवता येतो.